नारिंगी छातीचा ससाणा: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही काही जण बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पक्षी बघायला जातो. चहाच्या वेळेला कोणीतरी माझ्या फोनचा वॉलपेपर बघतं आणि विचारतं, ताई हा कुठला पक्षी, इथे दिसतो का? मग एकातून दुसरा प्रश्न निघत जातो आणि तासभर सहज जातो. या पक्ष्याबद्दल मराठीत सलग वाचायला मिळेल असं फारसं काही नाही म्हणून सगळे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतेय.

हा पक्षी नक्की कोणता? मराठीत नाव काय?

इंग्रजीत ऑरेंज-ब्रेस्टेड फाल्कन, शास्त्रीय नाव फाल्को डायरोल्यूकस. मराठीत रूढ नाव नाही कारण हा आपल्या देशातला पक्षीच नाही, मी आपलं नारिंगी छातीचा ससाणा म्हणते. १८२५ साली टेमिंक नावाच्या डच पक्षीशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. डायरोल्यूकसचा अर्थ पांढऱ्या गळ्याचा. म्हणजे नाव देताना त्याची नजर आधी गळ्यावर गेली आणि बाकी सगळ्या जगाची छातीवर जाते.

दिसतो कसा?

डोकं आणि पाठ काळी, गळा पांढरा, त्याच्याखाली आणि मानेच्या बाजूंना पिकलेल्या पपईच्या गराचा असतो तसा नारिंगी पट्टा, त्याखाली बंडी घातल्यासारखा काळा भाग आणि त्या काळ्यावर तांबूस आडव्या रेघा, मग मांड्या आणि शेपटीखालचा भाग परत विटकरी. डोळ्याभोवतीची कडी आणि पाय पिवळेधमक.

नर साधारण ३५० ग्रॅमचा आणि मादी ६०० च्या आसपास, म्हणजे मादी जवळजवळ पावणेदोन पट. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी असणं नेहमीचंच आहे, पण इतका फरक ससाण्यांमध्ये सुद्धा कमी बघायला मिळतो. आणि पाय बघा, फोटो झूम करून मुद्दाम पाय बघा. अंगाच्या मानाने इतके मोठे पंजे, लांबच लांब बोटं, मधलं बोट तर आणखी लांब. उडता पक्षी हवेतल्या हवेत पकडायचा तर हात मोठा पाहिजे ना, तसंच आहे हे.

राहतो कुठे?

अमेरिका खंडातल्या उष्ण कटिबंधाच्या जंगलात. पूर्वी दक्षिण मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत याच्या नोंदी होत्या. आता वरच्या बाजूला फक्त बेलीझ आणि ग्वाटेमालात एक छोटी वस्ती उरलीय, मग मोठी मोकळी जागा आणि मग पनामाच्या पूर्व टोकापासून खाली दक्षिण अमेरिका. मेक्सिको, कोस्टा रिका या बाजूला तो जवळजवळ नाहीसाच झालाय.

बेलीझ कुठे असं प्रत्येक जण विचारतो. मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमालाच्या शेजारी, कॅरिबियन समुद्राला लागून असलेला चिमुकला देश, क्षेत्रफळ २३,००० चौरस किलोमीटरच्या आत, लोकवस्ती चारेक लाख. आपल्या एखाद्या वॉर्डात याहून जास्त माणसं राहतात.

घरटं कुठे करतो?

घरटं असं तो बांधतच नाही, ससाणे बांधत नाहीत. उभ्या कड्यात एखादी कपार किंवा छोटासा कट्टा शोधायचा, वर थोडं छप्पर असलं तर उत्तम, तिथल्या मातीत छातीने उकरून खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची, बहुतेक वेळा दोन किंवा तीन. आई अंड्यांवर बसते, बाप शिकार आणून देतो, महिनाभराने पिल्लं बाहेर येतात आणि साधारण सहा आठवड्यांची झाली की पहिली झेप घेतात. हे सगळं कोरड्या दिवसांत चालतं.

पनामात आणि दक्षिण अमेरिकेत काही जोड्या जंगलाच्या वर डोकं काढणाऱ्या अवाढव्य झाडांवर, फांद्यांच्या बेचक्यातल्या बांडगुळांसारख्या झुडपांमध्येही अंडी घालतात. आणि ग्वाटेमालात टिकाल नावाचं माया लोकांचं प्राचीन शहर आहे, तिथल्या दगडी मंदिरांवर हा ससाणा बसलेला अनेकांनी पाहिलाय. तिथलं सगळ्यात उंच मंदिर ६५ मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची वीसएक मजली बिल्डिंग, आणि खाली चहूबाजूंना फक्त झाडांचे शेंडे. ससाण्याच्या डोळ्यांनी बघितलं तर तो एक कडाच आहे.

खातो काय? शिकार कशी करतो?

पक्षी आणि वटवाघळं, झाडांच्या शेंड्यांवरून उडणारं जे काही असेल ते. छोटे पोपट, पारव्याच्या जातीतले पक्षी, पाकोळ्या. भल्या पहाटे आणि अंधार पडायच्या वेळेला जास्त सक्रिय, कारण त्या वेळी वटवाघळं बाहेर असतात आणि पोपटांचे थवे वस्तीवरून निघत किंवा परतत असतात.

तो करतो काय तर कड्यावरच्या एखाद्या वाळक्या फांदीवर बसून राहतो, तासनतास. खाली शंभर-दोनशे फुटांवर जंगलाचं हिरवं छत पसरलेलं. एखादा पक्षी या झाडातून त्या झाडात जायला म्हणून छताच्या वर आला, उघड्यावर आला, की हा सुटतो, आणि त्या पक्ष्याला परत पानांत शिरायच्या आत गाठावं लागतं, तेवढाच वेळ असतो हातात. खाली जंगल सलग असेल तरच या शिकारीला अर्थ आहे. हे लक्षात ठेवा कारण दुर्मिळ का या प्रश्नात परत लागणारे.

पकडल्यावर मारतो चोचीने. सगळ्या खऱ्या ससाण्यांच्या वरच्या चोचीला कडेला एक टोकदार उंचवटा असतो, दातासारखा, त्याने मानेचा मणका तोडतात. शिक्रा, गरुड यांची पद्धत वेगळी, ते पंजाने आवळून मारतात.

म्हणजे ससाणा गरुडाच्या जातीतला नाही?

नाही! आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. शंभर वर्षं सगळ्यांना तेच वाटत होतं, वाकडी चोच, नख्या, शिकार, म्हणजे एकाच घराण्यातले. मग २००८ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर डीएनए तपासले गेले आणि कळलं की ससाण्यांचे जवळचे नातेवाईक गरुड-घारी नाहीत तर पोपट आणि चिमणी-बुलबुल वगैरे गाणारे पक्षी. म्हणजे हा ससाणा पोपट मारून खातो तेव्हा तो दूरच्या चुलतभावालाच खातोय. पार्कात डोक्यावरून कीर ओरडत गेले की मी हे सांगते आणि लहान मुलं अक्षरशः थांबून वर बघत राहतात.

याच्यासारखाच दिसणारा बॅट फाल्कन वेगळा का?

वेगळा, आणि भल्याभल्यांची गल्लत होते. बॅट फाल्कन म्हणजे वटवाघळ्या ससाणा म्हणूया, तो त्याच जंगलात राहतो, रंगही तसेच, पण आकाराने खूप छोटा, नर जेमतेम १३० ग्रॅमचा. त्याच्या काळ्या बंडीवरच्या रेघा बारीक आणि पांढुरक्या, आपल्या पक्ष्याच्या रेघा जाड आणि तांबूस. तो बऱ्यापैकी कॉमन आहे, शेताच्या कडेला, गावातसुद्धा दिसतो. म्हणून तिकडे गेलेले लोक आनंदाने फोटो पाठवतात आणि दहातले नऊ फोटो बॅट फाल्कनचे निघतात. उंचावर बसलेला असेल तर आकार कळत नाही, अशा वेळी पंजे बघा.

इतका दुर्मिळ का आहे?

एका कारणाने नाही, आणि कोणीतरी बंदुकीने मारून संपवला असं तर नाहीच.

पहिली गोष्ट त्याच्या गरजा. त्याला उभा कडा पाहिजे आणि कड्याखाली अखंड जंगल पाहिजे, दोन्ही एकाच ठिकाणी. नुसता कडा आणि खाली शेतं, चालत नाही. नुसतं जंगल आणि कडा नाही, तरी चालत नाही, मग निदान ती राक्षसी झाडं तरी पाहिजेत, आणि लाकडासाठी पहिली तीच तोडली जातात. नकाशावर उष्ण कटिबंधाचं जंगल भरपूर दिसतं पण त्यात असे कडे किती? बोटावर मोजण्याएवढे. शिवाय एक जोडी मोठा परिसर धरून राहते. म्हणजे जंगल शाबूत होतं तेव्हाही हा पक्षी संख्येने थोडाच होता.

आपल्या बहिरी ससाण्याशी (इंग्रजीत पेरेग्रीन) तुलना केली की चटकन कळतं. बहिरी ध्रुवाजवळ राहते, वाळवंटाच्या कडेला राहते, न्यूयॉर्कच्या पुलांवर अंडी घालते, कडा नसेल तर टॉवर चालतो, जंगल नसेल तर रस्त्यावरची कबुतरं चालतात. या ससाण्याला पर्याय चालत नाहीत.

दुसरी गोष्ट मला कळायला वेळ लागला. जंगल तोडून मोकळी जमीन झाली, गुरं आली, की त्याच्यामागे तिकडची काळी गिधाडं येतात आणि मोठी शिंगाळी घुबडं येतात. गिधाडांनाही बसायला, अंडी घालायला कडेच पाहिजेत. मग ससाण्याची जोडी दिवसभर त्यांना हुसकावत बसते, एक गेलं की दुसरं, त्यात शक्ती जाते, आणि नुकतं उडायला शिकलेलं पिल्लू, ज्याला धड वळता येत नाही, ते या झटापटीत मरू शकतं. रात्री घुबड येऊन कपारीतून उचलून नेऊ शकतं ते वेगळंच. म्हणजे कडा जागेवर आहे, कड्यासमोरचं थोडंफार जंगलही आहे, कोणी घरट्याला हातही लावलेला नाही, आणि तरी पाच-दहा किलोमीटरवर झालेल्या जंगलतोडीने ते घरटं रिकामं राहतं. (आपल्याकडे उलटी परिस्थिती आहे, डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने आपली गिधाडं जवळजवळ संपली आणि २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आणावी लागली. ही तिकडची गिधाडं मुळात वेगळ्या कुळातली आहेत, नाव तेवढं एक.)

तिसरी गोष्ट संख्या. बेलीझ आणि ग्वाटेमाला मिळून माहीत असलेल्या जोड्या पन्नासच्याही आत. एवढ्या कमी असल्या की एखादं मोठं वादळ, सलग दोन-तीन वाईट हंगाम एवढंही पुरतं. आययूसीएन या निसर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत हा पक्षी 'जवळपास संकटग्रस्त' या वर्गात येतो. दक्षिण अमेरिकेचा मोठा प्रदेश धरून काढलेलं हे वर्गीकरण आहे, नुसती बेलीझ-ग्वाटेमालाची वस्ती बघितली तर माझ्या मते परिस्थिती त्याहून खूप नाजूक आहे.

त्याला एकटं वाटत असेल का?

सातवीतल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न आहे हा. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

जोडीदार असतो त्यामुळे एक-एक ससाणा एकटा नसतो. पण बेलीझ-ग्वाटेमालाची पूर्ण वस्ती मात्र एकटी पडलीय. पनामाची वस्ती हजार किलोमीटरहून लांब, म्हणजे मुंबई ते दिल्ली एवढं अंतर धरा, आणि मधे अशी जोडी नाही जिच्या पिल्लाने थोडं पुढे जाऊन घर करावं, मग त्याच्या पिल्लाने आणखी पुढे. साखळी तुटली. त्यामुळे नवं रक्त येत नाही, त्याच त्या घराण्यांत लग्नं होत राहतात, पिढ्यानपिढ्या. कागदावर संख्या तेवढीच दिसली तरी आतून वस्ती कमकुवत होत जाते.

ती मुलगी म्हणाली मग कोणीतरी तिकडून इकडे आणून सोडा ना. तिला माहीत नव्हतं पण शास्त्रज्ञ साधारण हाच विचार करतात, खालचा प्रश्न वाचा.

पिंजऱ्यात वाढवून सोडतात म्हणजे नेमकं काय करतात?

द पेरेग्रीन फंड नावाची अमेरिकेतली संस्था आहे, १९७० मध्ये टॉम केड यांनी सुरू केली, बहिरी ससाण्याला वाचवण्यासाठी. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने ती फुटायची. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली, या लोकांनी पिंजऱ्यात पिल्लं वाढवून हजारोंनी सोडली आणि १९९९ मध्ये बहिरी तिथल्या धोक्याच्या यादीतून बाहेर पडली. तेच तंत्र त्यांनी बेलीझमध्ये नारिंगी छातीच्या ससाण्यासाठी वापरलं.

त्याला हॅकिंग म्हणतात, कॉम्प्युटरवालं नाही, हा ससाणे पाळणाऱ्यांचा जुना शब्द आहे. उडायला आठवडा-दीड आठवडा राहिलेली पिल्लं उंच जागी, समोर गज लावलेल्या पेटीत ठेवतात. पिल्लं गजांतून समोरचा परिसर बघत बसतात आणि हेच आपलं घर असं त्यांच्या डोक्यात बसतं. खाणं मागून, माणूस दिसणार नाही अशा बेताने आत टाकतात, कारण माणूस म्हणजे जेवण हे एकदा डोक्यात शिरलं की तो पक्षी जंगलाच्या कामाचा राहत नाही. मग एक दिवस समोरचं दार उघडतात, तेही हळूच, लांबून. पिल्लं बाहेर येतात, पंख फडफडवतात, कोणी पहिल्याच दिवशी उडतं, कोणी संध्याकाळपर्यंत पेटीवर बसून राहतं. पुढे कित्येक आठवडे त्याच ठिकाणी खाणं ठेवायचं, पिल्लं येऊन खातात, शिकार जमायला लागली की येणं कमी करतात आणि एक दिवस येत नाहीत. खाली तंबूत बसलेली दोन-तीन माणसं रोज कोण आलं कोण नाही एवढंच वहीत लिहीत असतात. महिना-दोन महिने, डासांत, पावसात. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

मुंबईत दिसेल का?

नाही, कधीच नाही. पण त्याची भावंडं दिसतील, आणि ती बघायला पार्कातही जावं लागत नाही.

थंडीत बहिरी ससाणे मुंबईत येतात, उंच टॉवर, कारखान्यांच्या चिमण्या, मोबाईलचे मनोरे यांच्यावर बसतात, शिवडी-ठाण्याच्या खाडीवर चिखलातले पक्षी टिपतात. (बहिरी म्हणजे ऐकू न येणारी नव्हे, अरबीत बहर म्हणजे समुद्र, त्यावरून आलेला शब्द आहे तो.) त्याचाच इथला कायमचा रहिवासी भाऊ म्हणजे शाहीन, सह्याद्रीच्या कड्यांत राहतो, आणि त्याचं पोटसुद्धा तांबूस असतं. नाणेघाटात एकदा मी कड्याच्या टोकाशी पालथी पडून खाली बघत होते तेव्हा शाहीन माझ्या खालून गेला, पाठ वरून दिसली, काळीनिळी, पंख न हलवता. ससाणा वरून बघायला मिळणं म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं आणि टिकालच्या मंदिरावर उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसत असेल हे थोडंफार तरी डोळ्यासमोर आलं.

आणि आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात वॉचमनकाकांनी वर बोलावलं, म्हणाले मॅडम टेरेसवर कोणीतरी काहीतरी करतंय, बघा. पाण्याच्या टाकीच्या मागे दोन हिरवे पंख पडले होते, अख्खे, एकही पीस न मोडलेले, मधे फक्त छातीचं हाड त्यांना जोडून धरणारं, आणि त्या हाडाच्या कडेला चोचीने तोडलेल्या छोट्या छोट्या त्रिकोणी खाचा. आजूबाजूला उपटलेली पिसं. पोपटाचे पंख होते. मांजर असं खात नाही, घार असं खात नाही, ही ससाण्याची सही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दुर्बीण घेऊन बसले तर समोरच्या टॉवरच्या कठड्यावर बाईसाहेब बसल्या होत्या.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका कमिटी मेंबरने घाण होते म्हणून फटाके लावून हाकलायचं सुचवलं. मला फार वाईट वाटलं, वाद झाला, शेवटी मी लिहून दिलं की फेब्रुवारीपर्यंत टेरेस रोज मी झाडीन. झाडलं. मार्चमध्ये ती निघून गेली, पुढच्या डिसेंबरात परत आली.

अमूर ससाण्याबद्दल ऐकलंय, तो हाच का?

तो वेगळा, जेमतेम १५० ग्रॅमचा, किडे खाणारा आणि प्रचंड लांबचा प्रवासी, सैबेरिया-चीनकडून आफ्रिकेला जाताना ईशान्य भारतात थांबतो, काही थवे लोणावळ्याच्या बाजूलाही दिसतात. २०१२ मध्ये नागालँडच्या पांगती गावाजवळ जाळी लावून हे पक्षी फार मोठ्या संख्येने मारले गेले आणि पुढच्याच वर्षी त्याच गावाने शिकार पूर्ण बंद केली.

ससाणा पाळता येतो का?

भारतात नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, गुन्हा आहे.

तिकडे जाऊन बघायचा असेल तर?

मी पैसे साठवतेय, त्यामुळे चौकशी करून ठेवलीय. मुंबईहून थेट विमान नाही, बहुतेक मार्ग अमेरिकेतून जातात, म्हणजे त्या व्हिसाचं आधी बघावं लागतं. बेलीझच्या पश्चिमेला सान इग्नासिओ नावाचं गाव आहे, तिथून माउंटन पाइन रिज या डोंगराळ जंगलात जायचं. तिथे थाउजंड फूट फॉल्स नावाचा धबधबा आहे, नावात हजार फूट असले तरी प्रत्यक्षात त्याहून बराच उंच, आणि दरीच्या अलीकडच्या बाजूला बघायची जागा केलेली आहे. या ससाण्यासाठी पक्षी बघणारे तिथेच जातात. फेब्रुवारी ते मे कोरडे दिवस, त्यातच विणीचा हंगाम, म्हणून जोडी कड्याच्या आसपास राहते. अंतर खूप असतं, तेव्हा नुसत्या दुर्बिणीवर भागणार नाही, स्कोप म्हणजे तिकाटण्यावरची मोठी एकनळी दुर्बीण असलेला गाइड घ्या. आणि घरट्याच्या जवळ नेतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. कड्याच्या माथ्यावर माणूस दिसला की आई उठते, आणि ती उठली की अंडी उन्हात.

मुंबईत बसून काय करता येईल?

बिल्डिंगच्या कठड्यावर ससाणा बसला तर बसू द्या, रंगकाम किंवा काचा पुसण्याचं काम त्या बाजूचं दोन महिने पुढे ढकलता आलं तर ढकला. संक्रांतीला नायलॉनचा मांजा घेऊ नका, झाडावर अडकलेला दिसला तर काढून टाका, जानेवारीत पंख कापले गेलेले शिकारी पक्षी मी स्वतः हातात घेतलेत, मांजा हाडापर्यंत गेलेला असतो. असा पक्षी सापडला तर पाणी पाजायला जाऊ नका, टॉवेल टाकून अंधाऱ्या खोक्यात ठेवा, खोक्याला भोकं पाडा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा. खोकं उघडून सारखं बघू नका, अंधारात तो शांत राहतो.